हात लावू नये

साडेसातला भुसावळहून जीप येते.
मी चष्मे मोजते, नळ्या मोजते, पावत्या फाडते:
माणशी साडेआठशे, वरणबट्टी धरून.
सुपडूमामा शर्टाचं वरचं बटण लावतो,
घसा साफ करतो
आणि होडीवाल्याचा गाईड होतो.

आधी देऊळ.
शिखर नाही. होतं की नव्हतं
यावर दोन मतं आहेत, मामा सांगतो,
आणि तिसरं स्वतःचं, दर रविवारी वेगळं.
चुना नाही, माती नाही, दगडाला दगड धरून बसलाय.
हा नर्तकीचा पाय, वरची नर्तकी गेली.
ही हत्तींची रांग, मोजा,
यातला एक उलट्या दिशेनं चाललाय.
सगळे मोजतात. सापडला की पोरं ओरडतात.
निळ्या पाटीवर लिहिलंय: हात लावू नये.
एखादी बाई लावतेच,
आणि मामा नेमका तेव्हा नदीकडे बघतो.

मग होडी. धरणाचं फुगलेलं पाणी,
त्यात कुठली तापी, कुठली पूर्णा
हे आता फक्त वल्ह्याला कळतं.
पाणी नितळ जानेवारी ते मार्च,
तेही वारा पडलेला असला तर,
तेही हातभर.
काचेला आतून थुंकी चोळायला मी शिकवते.
आधी नाक मुरडतात, मग चोळतात.

आज धुळ्याचे एक डॉक्टर होते, रंधे म्हणून,
अंदमान करून आलेले.
डोकं वर काढून म्हणाले, "प्रवाळ कुठंय? रंगीत मासे?"
मामा होडीची कड धरून पाण्यातच होता.
"तो निंब पाह्यला का, डॉक्टर? उभा हाये अजून.
आमच्याकडचं पोवळं तेच."
डॉक्टर परत खाली गेले.
फांद्यांना शेवाळ, शेवाळात गोगलगायी,
आणि जिथं साळुंक्या बसायच्या
(असं मामा म्हणतो, मी गाव बुडाल्यावर
नऊ वर्षांनी जन्मले)
तिथून चिलाप्यांचा थवा वळतो,
सगळा एकदम, कुणी हाक मारल्यासारखा.

देवळात अर्धा तास बोलणारा माणूस
इथं नुसतं बोटानं दाखवतो.
एक ओटा. एक जातं, खुंटा नसलेलं.
शाळेच्या पायऱ्या. चौथी फुटकी आहे,
शाळा भरायची तेव्हाही फुटकीच होती.
पाटी नाही. सनावळी नाही.
कुणी विचारलं, "हे किती जुनं?"
तर म्हणतो, "माह्याएवढं."
आणि जरा थांबून,
"लावा ना हात. इथं कोणी नको म्हणत नाही."

डॉक्टरांची धाकटी बुडी मारून
वर आली ती मूठ मिटून.
कौलाचा तुकडा.
त्यावर अर्धं अक्षर, कारखान्याचं नाव असेल.
तिला घरी न्यायचा होता.
देवळातला असता तर पोलीस, पंचनामा.
होडीत बसून मामा तो
उलटासुलटा करत राहिला.
कुणाच्या घरावरचा, हे त्याला ठाऊक असेल,
नसेलही. तोंडावरून मला कळलं नाही.
"ने," म्हणाला. मग, "थांब,"
आणि टॉवेलानं पुसून दिला.

पाचला जीप गेली.
चष्मे धुऊन मी दोरीला टांगले.
मामानं वरचं बटण काढलं.
वहीत रोजचे दोन रकाने: स्थळ एक, स्थळ दोन.
पहिल्यात देवळाचं नाव, आधीच छापलेलं.
दुसऱ्यात मी 'बॅकवॉटर' लिहिते,
परवानगीच्या कागदावर तेच आहे.
आज मामानं पेन मागितलं.
'निंभो' इतकं उमटलं आणि शाई संपली.
दुसरं पेन नव्हतं.
उरलेला 'ळ' त्यानं कोरडाच गिरवला, दाबून, दोनदा.
पान उजेडाला तिरपं धरलं
तर दिसतो.